बीबीची लेक पायी निघाली

चिखलीहून बीबीपर्यंत पायी जायचं ठरलं, तेव्हा पहिला प्रश्न माझ्या नवऱ्यानंच विचारला. जेवता जेवता घास हातातच धरून तो म्हणाला, पाकिटंच पोचवायची आहेत ना, मग मी गाडीत टाकून सकाळी जातो नि दुपारच्या जेवणाला परत येतो. तुम्ही बायका चालत कशाला मरता? प्रश्न अगदी बरोबर होता आणि म्हणूनच मला राग आला. चुकीच्या प्रश्नांना मी शांतपणे उत्तर देऊ शकते, आयुष्यभर शाळेत शिकवल्यामुळे तेवढं जमतं. बरोबर प्रश्न समोर आला की माझं डोकं फिरतं.

गोष्ट सुरू झाली होती आमच्या बचत गटाच्या बैठकीत. पापड-मसाल्याचं बोलणं संपलं होतं, चहा यायचा होता, आणि मधल्या वेळात माझ्या सुनेनं सहज सांगितलं, की शाळेत असताना ती दर महिन्याला चार दिवस घरीच बसायची. बीबी तिचं माहेर. पॅड विकत घ्यायची घरात ऐपत नव्हती, आणि कापड वापरावं तर शाळेत ना पाणी, ना बदलायला जागा. तिच्या चुलत बहिणीच्या मुली आज त्याच शाळेत जातात आणि अजूनही तेच करतात, असंही ती म्हणाली. ती हसत हसत सांगत होती, पण बाकीच्या बायका हसल्या नाहीत. एकेक जण आपापलं सांगू लागली. चहा आला आणि तसाच थंड झाला.

त्या दिवशी मला एक गोष्ट नव्यानं कळली. आमच्या लहानपणी गरिबी होती, पण घरात सुती लुगडी होती. लुगडं विरलं की त्याचं मऊ जुनेर व्हायचं. त्यातलं थोडं बाळाच्या दुपट्यांना जायचं, थोडं गोधडीला, आणि थोडं बायकांच्या त्या चार दिवसांसाठी बाजूला राहायचं. आता साड्या स्वस्त झाल्या, घरोघरी ढीगभर झाल्या, पण सगळ्या सिंथेटिक. पाणी टिपेल असा एक तुकडा घरात सापडत नाही. ज्या मुलखातून कापसाच्या गाड्या भरभरून बाजारात येतात, तिथल्या पोरी त्या दिवसांत असल्या गुळगुळीत चिंध्या वापरतात. मला लाज वाटली आणि संतापही आला. संताप माझ्याजवळ नेहमीच जरा जास्त असतो, पण या वेळी त्याला कामाला लावायचं ठरवलं.

आम्ही बाजारातल्या दुकानदारांकडे गेलो, अडत्यांकडे गेलो. कुणी वर पाहिलं नाही, कुणी एकदम फोन उचलला, एकानं तर मुनिमाला आमच्यापुढे बसवून स्वतः उठून जाणंच पसंत केलं. शेवटी बरीच तोंडं वाकडी करून त्यांनी शब्द दिला: तुम्ही खरंच बीबीपर्यंत चालत गेलात, तर त्या शाळेतल्या मुलींना वर्षभर पुरतील एवढे पॅड आमच्याकडून, आणि पाण्याची टाकीही. पहिल्या फाट्यावरूनच बायका एसटीत बसून परत येतील, असं त्यांना वाटलं असावं. मला असल्या माणसांचा फार उपयोग होतो. माझ्याकडून काही होणार नाही असं कुणाला वाटलं, की माझ्या गुडघ्यांत जोर येतो.

नवऱ्याला मी जे उत्तर दिलं ते मात्र वेगळं होतं. गाडीनं पाकिटं पोचली असती, तर ती मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या कपाटात गेली असती आणि कपाटाला कुलूप लागलं असतं. किल्ली ज्या सरांकडे असेल त्यांना कुठलीही मुलगी मागणार नाही, आणि ते सरही कुणाला विचारणार नाहीत. अशी कपाटं मी पाहिलेली आहेत. चालत गेलो तर वाटेतल्या प्रत्येक गावात बायका विचारतील, कुठं चाललात, कशाला चाललात, आणि मग सांगावं लागेल. बोलावं लागावं म्हणून चालायचं. हे ऐकून त्यानं घास तोंडात घातला आणि म्हणाला, मग भाजीची गाडी घेऊन मागून येतो. त्याच्या शेतातली वांगी-टमाटे वाहणारी ती पिकअप चार दिवस आमच्या मागं मागं, वाटेत वाटायला गटाच्या पैशांतून घेतलेली पॅडची खोकी घेऊन फिरली.

आता बोलावं लागावं म्हणून निघालेल्या आम्ही बायका, पण कापडी फलकावर काय लिहायचं यावर दोन संध्याकाळी वाद घातला. 'पाळी' हा शब्द रस्त्यानं मिरवायचा म्हटल्यावर निम्म्या जणींच्या सासऱ्यांना आणि दिरांना घाम फुटला. शेवटी लिहिलं, 'मुलींच्या आरोग्यासाठी पदयात्रा'. आमच्यात एक आपा होती. गावोगाव फिरून बांगड्या भरते, तालुक्यातल्या निम्म्या बायकांची मनगटं तिला ठाऊक आहेत. तिनं फलक वाचला आणि मला म्हणाली, "बाई, आरोग्य लिहाल तं लोक बीपी मोजाले येतीन." तसंच झालं. पहिल्याच गावात एक म्हातारे गृहस्थ बाही वर करून आमची वाट पाहत ओट्यावर बसले होते.

निघण्याआधीची एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. माझ्या मुलाच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि सुनेला मूल नव्हतं. बुलढाण्याचे डॉक्टर झाले होते, संभाजीनगरचे झाले होते. तपासण्यांना मीच तिच्याबरोबर जायची, कारण मुलाला दुकान सोडवत नसे. आणि त्या महिन्यात तिचे दिवस वर गेले होते. तिनं मला सांगितलं नव्हतं. एका घरात राहणाऱ्या दोन बायकांना हे सांगावं लागत नाही. न्हाणीघरातल्या फळीवर पाकीट न फोडलेलं तसंच आहे, हे मला दिसत होतं, आणि मला दिसतंय हे तिलाही माहीत होतं. आमच्याकडे तीन महिने होईपर्यंत तोंडातून काढत नाहीत, नजर लागते म्हणतात. माझा नजरेवर विश्वास नाही. तरी मी गप्प राहिले आणि चिखलीच्या दुकानातून एक हिरवी साडी आणून माझ्या कपाटात तळाशी ठेवली.

तिनं चालू नये असं मला वाटत होतं. सरळ सांगायचं तर ज्या गोष्टीबद्दल आम्ही बोलत नव्हतो ती बोलावी लागली असती. म्हणून मी वळसे घेतले. घरी कुणीतरी पाहिजे म्हटलं. गाडीत सामानाजवळ एक बाई पाहिजे म्हटलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि पायात बूट चढवले. डॉक्टरांना तिनं फोनवर विचारलं होतं, हे मला नंतर कळलं. चालायला हरकत नाही, असं ते म्हणाले होते. बीबीचं नाव काढल्यापासून तिच्या चेहऱ्यावर जे आलं होतं ते मी सहा वर्षांत पाहिलं नव्हतं. आपल्या शाळेत चालत जायचं, आणि आईच्या दारात उभं राहून तिच्या कानात काहीतरी सांगायचं, असा तिचा बेत असणार. तिनं तो मला सांगितला नाही, पण मला दिसत होता.

हिवाळा सरत आला होता. रस्त्याच्या कडेनं कापसाच्या शेवटच्या वेचण्या चालू होत्या, तुरी कुठं कापलेल्या, कुठं अजून उभ्या होत्या, आणि हरभऱ्याच्या वासानं सकाळी भूक लागायची. चालणं अवघड नव्हतं. अवघड होतं ते गावात थांबणं. फलक पाहून बायका गोळा व्हायच्या, मी बोलायला उभी राहायचे, आणि 'पाळी' म्हटल्याबरोबर समोरचे सगळे पदर तोंडाशी जायचे. कुणी मान वळवायची, कुणी एकदम लेकराचं नाक पुसायला घ्यायची. पाकीट पुढं केलं की ते साडीच्या घडीत असं गडप व्हायचं, जसं काही चोरीचा माल आहे. प्रश्न कुणीच विचारत नव्हतं. मला माझे सातवीचे वर्ग आठवायचे.

प्रश्न विचारत होते ते वेगळेच. तुमच्यात बीबीची लेक कोणती?

कुणी फोन केला होता देव जाणे, पण आमच्यापुढं बातमी चालत होती. बीबीची लेक सासूला घेऊन पायी माहेरी निघाली आहे. लग्नाला इतकी वर्षं झाली, पोटी लेकरू नाही. म्हणजे नवस. आणखी काय असणार? मूल व्हावं म्हणून बाई पायी चालते, हे आमच्याकडे कुणालाही पटतं. मुली शाळेत जाव्यात म्हणून बाई पायी चालते, हे कुणालाच पटेना. मी घसा कोरडा करून सांगायची, की नवस नाही, हे या खोक्यांसाठी आहे. त्या माझ्याकडे समजूतदारपणे पाहायच्या, नवस बोलून दाखवायचा नसतो हे त्यांनाही माहीत असल्यासारख्या, आणि मग घरात जाऊन ताट घेऊन यायच्या. ताटात गहू, नारळ, हळकुंड, सुपारी आणि घडी घातलेला खण. पहिली ओटी माझ्या सुनेची.

ओटी भरताना त्या तिच्या कानाशी पुटपुटायच्या ते सगळ्यांचं एकच असायचं: पुढच्या वर्षी लेकरू घेऊन ये. ती मान खाली घालून पदर पुढं करायची. मला वाटलं होतं ती चिडेल. पण दुसऱ्या दिवशी मी तिच्याकडे नीट पाहिलं तर तिच्या ओठांवर हसू होतं, आणि ओटीतला एक नारळ तिनं गाडीत न टाकता स्वतःच्या पिशवीत ठेवला. खरं सांगायचं तर मलाही त्या ओट्या आवडू लागल्या होत्या. गावोगावच्या अनोळखी बायका माझ्या घरासाठी काहीतरी मागत होत्या, आणि मी, जिचा नजरेवर विश्वास नाही, मनातल्या मनात म्हणत होते, भरा.

माझा नवरा मात्र हैराण झाला होता. मेहकरच्या अलीकडे त्यानं गाडी बाजूला घेतली आणि मला म्हणाला, "पॅड काही उतरत नाहीत, नारळच चढून राह्यले. बीबीले जाऊन दुकान टाकतं काय?"

मेहकरला आम्ही एका मंगल कार्यालयात मुक्काम केला. सकाळी निघताना सून जरा मागं राहिली, आपाही तिच्याबरोबर. दोघी आल्या तेव्हा आपानं सुनेची पिशवी आपल्या खांद्यावर घेतली होती. पायाला फोड आले असतील असं मला वाटलं. त्या दिवशी वाट थोडी होती, पण ती सगळ्यांत मागं चालली, कुणाशी बोलली नाही, आणि मधे एकदा दोघी तुरीच्या शेतात आत गेल्या तेव्हा आम्ही थांबलो. मी विचारलं, बरं आहे ना? हो म्हणाली. मी पुढं विचारलं नाही.

सुलतानपूरला दुपार कलल्यावर पोचलो. रस्त्यालगतच्या एका घरी आमची सोय होती. घरची बाई माझ्याच वयाची, भाजीपाला करणारी, मोठ्या आवाजाची. तिनं चुलीवर हंडाभर पाणी तापत ठेवलं होतं आणि अंगणात सतरंज्या टाकल्या होत्या. आळीतल्या बायका आधीच जमल्या होत्या, मागं दोनचार शाळकरी मुलीही होत्या. मी बोलायला उभी राहणार तेवढ्यात घरची बाई म्हणाली, तुमचं भाषण मग, आधी बीबीच्या लेकीची ओटी. ताट घेऊन ती सरळ सुनेपुढं गेली. बाकीच्या बायका सरकून जवळ आल्या.

सून भिंतीला टेकून बसली होती. तिनं पदर पुढं केला नाही.

"माही ओटी नका भरू मावशी," ती म्हणाली. "मले पाळी आली. आज सकाळीच आली, मेहकरले."

आमच्याकडे पाळीत बाईची ओटी भरत नाहीत, तिला कुंकू लावत नाहीत. चार दिवस जाऊन पाचव्या दिवशी डोक्यावरून पाणी घेतलं की मग सगळं चालतं. पण ते सांगायचीही एक पद्धत आहे. 'अडचण आहे' म्हणतात, 'बाजूला आहे' म्हणतात, 'कावळा शिवला' म्हणतात, नाहीतर नुसतंच ताटापासून दोन पावलं मागं होतात आणि समोरची समजते. इतक्या बायकांत, अंगणाच्या मधोमध, सरळ तो शब्द घेऊन 'मला' म्हणालेली बाई मी तोवर पाहिली नव्हती. दोन दिवस मी जो शब्द गावोगाव ओरडत होते, तो मी कधी 'मला' लावून म्हटला नव्हता. मी तो मुलींना लावून म्हणत होते.

हे सगळं मला नंतर सुचलं. त्या क्षणी माझ्या मनात एवढंच आलं की म्हणजे नाही. याही वेळी नाही. कपाटाच्या तळाची ती हिरवी साडी डोळ्यांपुढं आली. मग राग आला. माझ्या घरातली गोष्ट मला सुलतानपूरच्या बायकांबरोबर कळली, आणि बांगड्यावालीला ती सकाळपासून माहीत होती. आपा माझ्याकडे पाहत नव्हती. रागाला जागा नाही हे कळत असूनही तो थोडा वेळ तिथंच बसून राहिला.

घरच्या बाईचा पाय सवयीनं मागं गेला होता. ताट हातात तसंच. कुणीतरी मागून विचारलं, मग नवस?

"नवस नव्हताच," सून म्हणाली. "दोन दिवसापासून सांगून राह्यलो आम्ही. पोरी शाळेत जाव्या म्हणून चालून राह्यलो." आणि मग घरच्या बाईकडे वर पाहून तिनं विचारलं, "मावशी, पाय बुडवाले थोडं गरम पाणी देता का?"

त्या बाईनं ताट ओट्यावर ठेवलं. स्वतः जाऊन घमेलं आणलं, हंड्यातलं पाणी ओतलं, हात घालून पाहिलं, गार मिसळलं. सुनेचे पाय धरून तिनं पाण्यात ठेवले. ज्या बाईला एवढ्यात ताटापासून दूर ठेवायचं होतं, तिला ती शिवली हे तिच्या लक्षातही आलं नसावं. पाय पाण्यात असतानाच तिनं हळूच विचारलं, एवढी वाट चालत आली तू, मग बदलायला कुठं थांबली? सुनेनं सांगितलं, तुरीच्या शेतात, आपानं शाल धरली होती. दुसरीनं विचारलं, चालताना सरकत नाही का ते? तिसरीनं विचारलं, किती तास चालतं? मागच्या मुली पुढं येऊन बसल्या. एकीनं विचारलं की वापरलेलं कुठं टाकायचं, आमच्या शाळेत तर टोपलीही नाही. सून पाण्यात पाय ठेवून एकेकीला उत्तर देत होती. आवाज शांत होता. मधेच ती थांबायची, श्वास घ्यायची आणि पुन्हा सांगायची.

माझं भाषण झालंच नाही. नवऱ्याला चहाच्या टपरीवर पाठवून आम्ही गाडीचा फाळका खाली केला, आणि त्या बायकांनी पाकिटं मागून घेतली, उघडून पाहिली, उन्हात धरून पाहिली. पदर कुणाच्याही तोंडाशी नव्हते. ज्यासाठी आम्ही निघालो होतो ते सुलतानपूरच्या त्या अंगणात झालं. पण ते माझ्या सुनेच्या दुःखाच्या जिवावर झालं, आणि हे मला तेव्हाही आवडलं नाही, आजही आवडत नाही. कुणी मला सांगतं की किती छान, तिनं किती धीरानं बोलून दाखवलं. मला वाटतं, तिच्या वाट्याला तो धीर यायलाच नको होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघायच्या वेळी मी तिला गाठलं. या वेळी वळसा घेतला नाही. म्हटलं, आज तू गाडीत बस, सासऱ्यांच्या शेजारी. कुणी काही म्हणणार नाही. ती बुटाची लेस बांधत होती. बराच वेळ तिनं एकच गाठ सोडून पुन्हा बांधली.

"आई, गाडीतून उतरली अन् रडू आलं तं माही माय इचारन, काऊन रडतं," ती म्हणाली. "चालत गेली तं सांगता येते, पाय दुखते म्हणून."

चिखलीपासून मी सगळ्यांना पटवत आले होते की चालत का जायचं. माझी कारणं चांगली होती, मी ती भाषणात घालून ठेवली होती. हिचं कारण एका वाक्याचं होतं आणि त्यापुढं माझी सगळी कारणं मला मोठमोठ्यानं बोलल्यासारखी वाटली. एक गोष्ट माझ्या मनात आली ती मी तिला सांगितली नाही. नवसाची बातमी ज्या फोनवरून आमच्यापुढं पळत होती, त्याच फोनवरून कालचीही गेली असेल. मी तिची पिशवी घेतली. आतला नारळ जड लागत होता. तो काढून गाडीत टाकावा असं वाटलं, पण तो तिचा होता. मी पिशवी खांद्याला लावली आणि आम्ही निघालो.

त्या दिवशी आम्ही दोघी शेजारी चाललो. बोललो फार नाही. एकदा तिनं विचारलं, की त्यांना मीच सांगू का तुम्ही सांगाल. म्हणजे माझ्या मुलाला. मी म्हटलं, तू सांग, त्याला सवय होऊ दे ऐकायची. त्यावर ती थोडी हसली. एकदा मी म्हटलं की पुन्हा डॉक्टरांकडे जाऊ. ती म्हणाली, जाऊ, पण लगेच नको. सहा वर्षांत आम्ही या विषयावर जेवढं बोललो नव्हतो तेवढं त्या रस्त्यावर बोललो, आणि ते एवढंच होतं.

बीबीच्या शाळेतला कार्यक्रम त्याच्या दुसऱ्या दिवशी झाला. टाकीच्या जागेवर नारळ फुटले, ते आमच्याकडे भरपूर होते. फोटो निघाले, पेपरात आलं, चिखलीच्या दुकानदारांनी शब्द पाळला आणि पाकिटांचं कपाट मुलींच्याच खोलीत, बिनकुलपाचं ठेवायचं ठरलं. त्याबद्दल बाकीच्यांनी पुष्कळ सांगितलेलं आहे. मला सांगायचं आहे ते आदल्या संध्याकाळचं.

सुनेच्या आईचं घर गावाच्या आतल्या बाजूला आहे. आम्ही गल्लीत वळलो तेव्हा ती दारातच उभी होती, आणि आजूबाजूच्या बायकाही. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात ओटीचं ताट. ताटातला खण हिरवा होता. सून माझ्यापुढं दोन पावलं होती. दारापासून थोड्या अंतरावर ती थांबली. तिनं काही सांगितलं नाही, मान हलवली नाही, नुसती उभी राहिली.

तिच्या आईनं तिच्याकडे पाहिलं. मग ताट शेजारच्या बाईच्या हातात दिलं.

"ठेव व घरात," ती म्हणाली. "पाचव्या दिवशी भरू. कुठी पळून चालली का ओटी?"

तिला सुलतानपूरहून फोन आला होता, की दारात उभ्या लेकीचा चेहरा पाहूनच ती समजली, मला आजही माहीत नाही. मी कधी विचारलं नाही. ती पुढं आली, खाली बसली, स्वतःच्या हातानं लेकीचे बूट सोडले आणि तिच्या पावलांवर पाणी ओतू लागली. तेव्हा माझी सून रडली. मेहकरपासून धरून ठेवलेलं सगळं बाहेर आलं, तोंडावर हात ठेवूनही आवाज राहिना.

ताट घेतलेल्या बाईला काही कळेना. ती म्हणाली, "काऊन व, रडते कायले एवढी?"

आईनं वर पाहिलं नाही.

"चिखलीवरून चालत आली माय ते," ती म्हणाली. "पाय दुखते तिचे." आणि तांब्यात राहिलेलं पाणी तिनं हळूहळू दुसऱ्या पावलावर ओतलं.